'बरंय' म्हणणाऱ्या डॉक्टरांस अन्यत्र न हलवण्याबाबत

प्रति,
मा. संचालिका, परिचर्या विभाग,
सेंट ब्रेकन रुग्णालय,
बॅलीकॉरन.

अर्जदार: श्रीमती असम्प्टा गॅव्हिगन, प्रगत परिचारिका, कर्करोग विभाग.

विषय: रुग्ण डॉ. रोनन टूही यांना अर्जदाराच्या गुरुवारच्या क्लिनिकमधून काढू नये, ते अर्जदारालाच हवे आहेत, याबाबत.

संदर्भ: १) आपले 'रुग्णाच्या व कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी बदल' या मथळ्याचे पत्र. २) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज, जो आपण परत पाठवला.

महोदया,

अर्जदाराचा पहिला अर्ज परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, "भाषा". त्या अर्जात 'मी', 'मला', 'माझे' फार वेळा आल्याने तो वैयक्तिक वाटतो, असे आपल्या सहायकांनी फोनवर समजावून सांगितले. सबब या वेळी अर्जदार स्वतःला सर्वत्र 'अर्जदार'च म्हणणार आहे. प्रकरण अर्थातच वैयक्तिक आहे. कागदाला ते कळू नये, एवढी काळजी घेतली आहे.

१. अर्जदार या रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे स्वतंत्र क्लिनिक चालवते. प्रत्येक डोसाआधी रुग्णाला तपासणे, रक्ताचा अहवाल पाहणे, औषधे लिहून देणे, डोस द्यायचा की पुढे ढकलायचा ते ठरवणे, हे सर्व ती स्वतःच्या सहीने करते. ती डॉक्टर नाही, आणि डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी राहणारी पोरगीही नाही. पदव्युत्तर शिक्षण, परीक्षा, नोंदणी सगळे रीतसर आहे. तरी तासभर तपासून घेतल्यावर बॅलीकॉरनमधले निम्मे लोक विचारतातच, "मग डॉक्टर कधी येणार, सिस्टर?" त्याचे अर्जदाराला आता काही वाटत नाही.

२. आपल्या पत्रात म्हटले आहे की, याच विभागाचे निवृत्त प्रमुख आणि सध्या लिम्फोमावर उपचार घेत असलेले रुग्ण डॉ. रोनन टूही यांना अर्जदाराकडून काढून सिस्टर क्लिओना मोरन यांच्या मंगळवारच्या क्लिनिकमध्ये देण्यात येत आहे. कारणे दोन दिली आहेत. एक, डॉ. टूही यांनी अर्जदाराविरुद्ध तक्रार केली आहे. दोन, पूर्वीचा 'तो प्रसंग' पाहता अर्जदाराच्या मनावर ताण येऊ नये. पहिले कारण खरे आहे. दुसरे वाचून अर्जदाराला हसू आले, आणि ते हसू चांगले नव्हते. अर्जदाराच्या मनाची काळजी या रुग्णालयाला इतक्या वर्षांनी का होईना वाटली, याबद्दल आभार. ताण वगैरे काही नाही. हा रुग्ण मिळावा म्हणून अर्जदाराने कुठल्या संतापुढे मेणबत्ती लावली नव्हती, पण तो समोर येऊन बसला तेव्हा वर कोणीतरी आहे, अशी तिची खात्री पटली.

३. 'तो प्रसंग' म्हणजे काय, हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही. त्या प्रसंगात एक माणूस मेला आणि त्याला नाव होते. पॅकी डर्कन, बॅलीकॉरनच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा. तो बोलू लागला की विकणारा, घेणारा आणि मधली मेंढी, तिघेही तोंडाकडे बघत राहत. मात्र स्वतःच्या तब्येतीबद्दल त्याच्याजवळ एकच शब्द होता, "बरंय." आतड्याचा कर्करोग आहे असे सांगितले, तेव्हा म्हणाला, "बरंय की. निदान काय ते कळलं तरी."

महोदया, आपण याच भागातल्या. आपल्याकडे "बरं नाही" असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर तो डब्लिनहून आलेला असतो. आपल्याकडे सगळे 'बरंय'मध्ये बसवावे लागते. "बरंय" म्हणून माणसाने लगेच पावसाला शिव्या घातल्या, तर तो खरोखर बरा असतो. "बरंय, रडून कोणाला सांगायचं" म्हटले, की कुठेतरी दुखते आहे. "बरंय, बरंय" असे लागोपाठ दोनदा आले, की घरी येऊ नका, घर आवरलेले नाही. आणि "बरंय, तुम्हाला अडकवत नाही" असे म्हटले, की गाडी काढायची. गप्पांना कधी नाही न म्हणणारा माणूस स्वतःहून फोन ठेवायला निघाला, म्हणजे फोन धरण्याचेही त्राण त्याच्यात उरलेले नाही. यात अर्जदाराचे काही विशेष ज्ञान आहे, असा तिचा दावा नाही. हे पोस्टमनला कळते, पाद्र्याला कळते. डॉ. टूही यांनाही कळते. त्यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान गावच्या चौकात होते आणि ते त्या काउंटरमागे हाच शब्द ऐकत मोठे झाले. अर्जदाराचा सगळा राग याच ठिकाणी आहे. न कळणाऱ्याला ती केव्हाच माफ करून मोकळी झाली असती.

४. त्या शुक्रवारी दुपारी अर्जदाराने पॅकीला नेहमीचा चौकशीचा फोन केला. केमोनंतरचे ते दिवस वाईट असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, आणि तेव्हा आलेला ताप हा ताप नसतो, घराला लागलेली आग असते. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक गेले तर माणूस वाचतो. पॅकी म्हणाला, "बरंय सिस्टर. तुमच्यामागे कामं असतील, तुम्हाला अडकवत नाही." मागे कप बशीवर वाजत होता आणि थांबत नव्हता. त्याला हुडहुडी भरली होती, दुसरे काय. ताप पाहिला का असे विचारल्यावर, थर्मामीटर ड्रॉवरमध्ये आहे, असे उत्तर आले. तो तिथेच राहणार हे उघड होते, कारण पाहिला की सांगावा लागतो.

अर्जदाराने खाट मागितली. खाट नव्हती, व्हरांड्यात लोक स्ट्रेचरवर पडून होते आणि शनिवार-रविवारसाठी डॉ. टूही यांना आणखी एक रुग्ण नको होता. त्यांनी अर्जदाराच्या देखत, स्पीकर लावून, स्वतः पॅकीला फोन केला. विचारले, "कसं काय, पॅकी?" तो म्हणाला, "बरंय, डॉक्टर." मग त्याला सोमवारी यायला सांगून त्यांनी फोन ठेवला आणि अर्जदाराकडे वळून म्हणाले, "बरा आहे म्हणतोय गं. बरं असलेल्या माणसाला मी भरती करून घेऊ?"

अर्जदाराने पॅकीला पुन्हा फोन केला, रुग्णवाहिका पाठवते म्हणाली. तो हटून बसला. डॉक्टरांनीच सोमवार दिला असताना सिस्टर कशाला एवढी घाई करतात, असे त्याचे म्हणणे पडले. मग अर्जदाराने त्याच्या बहिणीला, नोनीला फोन केला. नोनी रस्त्यापलीकडेच राहते. ती बिचारी तशीच उठून गेली. पॅकीने खिडकीतून हात केला आणि सांगितले, "बरंय गं. डॉक्टरांचा फोन आला होता, सोमवारी या म्हणाले." डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर नोनी दारातून परत फिरली. सकाळी ती पाव घेऊन गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता. रविवारी अतिदक्षता विभागात त्याने प्राण सोडला. मी त्याचा हात धरून बसले होते. क्षमस्व, अर्जदार हात धरून बसली होती.

५. त्यानंतर चौकशी झाली. आपण त्या समितीवर होता, त्यामुळे फार लांबण लावत नाही. पॅकीच्या कागदातली "रुग्ण बरे असल्याचे सांगतो" ही ओळ अर्जदाराच्या हातची होती. "तरी त्वरित भरती करावी, असे माझे मत" ही पुढची ओळही अर्जदाराच्याच हातची होती, पण ती समितीला महत्त्वाची वाटली नाही. डॉ. टूही यांना विचारले तेव्हा, आपण त्या दिवशी पॅकीशी बोलल्याचे आठवत नाही, असे त्यांनी सांगितले. सांगताना ते अर्जदाराकडेच पाहत होते. नोनीला कोणी बोलावलेच नाही.

अर्जदाराचे क्लिनिक गेले. औषधे लिहून देण्याचा अधिकार दोन वर्षे देखरेखीखाली गेला. मळमळीची साधी गोळी लिहायची तरी ज्या शिकाऊ डॉक्टर पोरांना अर्जदाराने शिरेत सुई घालायला शिकवले होते, त्यांची सही घ्यावी लागे. पोरे बिचारी लाजत सही करत. डॉ. टूही यांना मात्र त्यातून एक विनोद सुचला. व्हरांड्यातून जाताना ते अर्जदाराला "आमचं बरंय-मापक यंत्र" म्हणत आणि सोबतचे सगळे दात काढत. अर्जदाराने अपील केले नाही. अपिलाला मुदत असते आणि अपिलाचा निकाल आपल्यासारख्यांच्या हातात असतो. तिने डूख धरला. तो आजतागायत नीट जपून ठेवलेला आहे.

६. पुढे दोन वर्षे भरल्यावर अर्जदाराला क्लिनिक परत मिळाले, डॉ. टूही निवृत्त झाले, मासे पकडू लागले, आणि या उन्हाळ्यात त्यांच्या मानेत गाठ आली. नव्या कन्सल्टंटनी उपचार ठरवून दिले आणि इतर सर्वांप्रमाणे ते अर्जदाराच्या यादीत आले. पहिल्या दिवशी ते कर्मचाऱ्यांच्या दाराने आत शिरले. अर्जदाराने त्यांना बाहेर पाठवले, पुढच्या दाराने आणले आणि गुरांच्या बाजारातल्या मंडळींच्या मधल्या खुर्चीत बसवले. मंडळींनी सरकून जागा दिली. एकाने धीरही दिला, "बसा डॉक्टर. चहा येतोच आहे. चांगला नसतो, पण पितात सगळे."

अर्जदार त्यांना 'रोनन' म्हणते. रुग्णास नावाने हाक मारावी, असे आपलेच परिपत्रक आहे. 'अहो' मात्र तिने शाबूत ठेवले आहे. त्यांना मागून उघडा असणारा तो गाऊन घालायला लावते, कारण तो सर्वांना घालावा लागतो. मग प्रश्न. शौचाला कधी झाले, कसे झाले, रंग कोणता होता. तोंडात फोड आली आहे का, आ करा, आणखी मोठा करा, जीभ बाहेर. इतरांना अर्जदार हेच सगळे पावसापाण्याच्या गप्पांत विचारून मोकळी होते. डॉ. टूही यांना ती एकेक करून, ओळीने, सावकाश विचारते. ते "बरंय" म्हणाले की ती म्हणते, "बरंय म्हणजे काय, रोनन?" आणि हात बांधून बसून राहते. एकदा असे बसून राहण्यात बाहेरची रांग ताटकळली. रांगेने चकार शब्द काढला नाही. रांगेत पॅकीला ओळखणारे बरेच होते.

हे सर्व सूडबुद्धीने केले, असा डॉ. टूही यांचा आरोप आहे. तो अर्जदारास मान्य आहे. मात्र यातली एकही गोष्ट नियमाबाहेर नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. या रुग्णालयात इतकी बारकाईने तपासणी आजवर दुसऱ्या कोणाची झालेली नाही, आणि तशी झाली असती तर काही माणसे आज बाजारात दिसली असती.

७. आता खुर्चीचा आरोप. अर्जदाराने दाराला खुर्ची लावून आपल्याला कोंडून ठेवले, असे डॉ. टूही म्हणतात. हेही खरे आहे. खुर्ची दाराला होती आणि अर्जदार खुर्चीवर होती.

घडले ते असे. ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात त्यांच्या गावचा संघ काउंटी फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचला होता. रविवारी सामना, आणि गुरुवारी डॉ. टूही टाय घट्ट बांधून, ओले केस विंचरून क्लिनिकला आले. ताप नव्हता. नाडी जरा पळत होती, ती जिना चढून आल्यामुळे, असे त्यांनी न विचारता सांगितले. सामना कसा होईल यावर एक शब्द काढला नाही. अर्जदाराने प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर ते अर्ध्यावर उठले आणि म्हणाले, "बरंय, असम्प्टा. बाहेर रांग आहे तुझी, तुला अडकवत नाही."

महोदया, ते शब्द अर्जदाराने यापूर्वी एकाच माणसाकडून त्या आवाजात ऐकले होते. मग तिने खुर्ची उचलली.

डॉ. टूही चिडले. ताप नाही, आत्ताच तू स्वतः पाहिलास, ऊठ तिथून, हा काय मूर्खपणा, वगैरे बरेच बोलले. अर्जदाराने एवढेच विचारले, "गाडीत बसून पॅरासिटामॉल कधी घेतलीत, रोनन?" ते खाली बसले. केमोवर असताना गोळी खाऊन ताप दाबू नका, ताप आला की लाज सोडून फोन करा, असा दम या विभागात वर्षानुवर्षे त्यांनीच प्रत्येक रुग्णाला दिलेला आहे. तेच गाडी लावायच्या जागेत पाठमोरे बसून गोळी गिळून आले होते. सामना हे निमित्त होते. अर्जदारासमोर "मला बरं नाही" असे म्हणणे त्यांच्या जिवावर आले. जिवावर आले, हे अक्षरशः खरे आहे.

रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच. अर्जदाराने तिथल्या तिथे सुई लावली आणि प्रतिजैविक सुरू केले. खाट नव्हती. ती अर्जदाराने मिळवली. कशी मिळवली, याबद्दल अन्य दोन विभागांची तक्रार आपल्याकडे पोचलेलीच आहे. संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. त्यांच्या गावचा संघ सामना जिंकला तेव्हा ते नळ्यांमध्ये होते. अर्जदार सुटीचे दोन्ही दिवस कामावर आली. ती कोणाच्या काळजीने आली, असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. इतकी वर्षे राखून ठेवलेला माणूस असा परस्पर निघून जातो की काय, या धास्तीने ती आली होती.

८. सोमवारी सकाळी त्यांना वॉर्डात परत आणल्यावर, चहाची गाडी फिरत असताना, त्यांनी अर्जदाराची बाही धरली. अंगात ताप होता, पण डोळे शुद्धीवर होते. ते म्हणाले, "असम्प्टा, मी बोललो होतो त्याच्याशी. मला आठवतंय. तेव्हासुद्धा आठवत होतं."

ज्या वाक्यासाठी अर्जदाराने इतकी वर्षे काढली, ते असे चहाच्या वेळी समोर आले. कोणीही ते पदरात पाडून घेतले असते. अर्जदाराने बाही सोडवून घेतली आणि म्हणाली, "अंगात ताप आहे तुमच्या. तापातली साक्ष मी धरत नाही. बरे व्हा, उभे राहा, मग बोला." हे निष्ठुरपणाचे होते, असे शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंचे मत पडले. असेल. पण तापात बोललेले दुसऱ्या दिवशी कोणालाही नाकारता येते, आणि डॉ. टूही यांना नाकारण्याचा सराव आहे.

अर्जदाराचा अंदाज चुकला नाही. ते बरे झाले, घरी गेले, आणि हातात पेन धरता येताच सर्वप्रथम त्यांनी अर्जदाराविरुद्ध तक्रार लिहिली व क्लिनिक बदलून मागितले. प्रकृती सुधारत असल्याचे ते उत्तम लक्षण आहे आणि अर्जदाराने त्यांच्या कागदांत तसे लिहिले आहे.

९. आपण म्हणाल की, रुग्ण अर्जदाराच्या धाकाने ताप लपवतो, म्हणून तर त्याला हलवायचे. हा मुद्दा अर्जदाराने स्वतःच्या मनात पुष्कळ घोळवला. तो तिला बोचतो, हे ती लपवत नाही. त्या दिवशी ते जिवानिशी गेले असते, तर अर्जदाराच्या सुडाचाही त्यात हात ठरला असता. म्हणून यापुढे गाऊनचे बंद मागून नीट बांधून दिले जातील आणि प्रश्न जरा गप्पांच्या ओघात विचारले जातील, एवढी सवलत अर्जदार देऊ इच्छिते.

परंतु सिस्टर क्लिओना यांच्याकडे गेल्याने ते खरे बोलू लागतील, असे आपल्याला मनापासून वाटते काय? पोरगी गुणी आहे, हाताची हलकी आहे, रुग्ण तिच्यावर जीव टाकतात. पण ती डॉ. टूही यांच्या हाताखाली तयार झाली. अजून त्यांना 'सर' म्हणते, ते आत आले की उठून उभी राहते. सर तिला "बरंय, बाळ" म्हणतील. ती त्यांचा शब्द खाली कशी पडू देईल? ती हसून कागदावर 'बरे' लिहील, ते टोपी घालून बाहेर पडतील आणि अंगणात मरतील. क्लिओना मग जन्मभर त्या कागदाकडे बघत बसेल. अर्जदाराने तो कागद पाहिलेला आहे. तिला तो त्या पोरीच्या नशिबी यायला नको आहे.

डॉ. टूही यांचे डोस अजून संपलेले नाहीत आणि या हिवाळ्यात त्यांच्या पेशी पुन्हा पुन्हा तळाला जाणार आहेत. त्यांच्यावर विश्वास नसलेली एक व्यक्ती त्यांच्यासमोर बसणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. या रुग्णालयात त्यांच्यावर अर्जदाराइतका अविश्वास दुसऱ्या कोणाचाही नाही. याबाबत ती कोणाशीही तुलनेस तयार आहे.

१०. शेवटचा मुद्दा पहिल्या अर्जात नव्हता. तो लिहिताना अर्जदाराच्या हातून 'मी' टाळता आला नसता, म्हणून तेव्हा तो वगळला होता.

पॅकीच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली की नोनी डर्कन दर वर्षी चर्चच्या दारात अर्जदाराला गाठते आणि तेच विचारते, "सिस्टर, मी आत शिरले असते तर?" अर्जदाराने तिला नाना परींनी सांगून पाहिले. तुम्ही परत फिरलात कारण डॉक्टरांनी सोमवार दिला होता. त्यात तुमचा काय दोष? नोनी सगळे ऐकून घेते, अर्जदाराचा हात थोपटते आणि म्हणते, "तुम्ही मायाळू आहात म्हणून तसं म्हणता. डॉक्टर तर चौकशीत म्हणाले म्हणे, त्यांनी फोनच केला नव्हता."

याचा अर्थ काय होतो, हे आपण क्षणभर लक्षात घ्यावे. डॉक्टरांनी फोन केला नाही, तर मग पॅकी खिडकीतून खोटे बोलला. मरणाच्या दारातला भाऊ आपल्याशी खोटे बोलला, आणि आपल्याला ते ओळखता आले नाही, असे ती बाई धरून बसली आहे. ती रस्त्यापलीकडच्या त्या घराकडे बघत नाही. पडदा ओढून जेवते. चौकशीत अर्जदाराचा शब्द चालला नाही, तसा तो नोनीच्या घरातही चालत नाही. तिथे एकाच माणसाचा शब्द चालेल. तो माणूस सध्या अर्जदाराच्या यादीत आहे आणि आपण तो काढून घेत आहात.

डॉ. टूही मेले, तर तो शब्द त्यांच्याबरोबर जाईल. लोक त्यांच्या अंत्यविधीला गर्दी करतील, मोठा माणूस होता म्हणतील, आणि नोनीही सँडविचचा ट्रे घेऊन जाईल. हे अर्जदाराला सहन होणार नाही. तिला ते मेलेले नको आहेत. तिला ते चांगले धडधाकट हवे आहेत.

सबब विनंती की, उपचार संपेपर्यंत डॉ. टूही यांना गुरुवारीच ठेवावे. अर्जदार त्यांच्या प्रत्येक 'बरंय'ची झडती घेईल. त्यांचे रक्त, जीभ, नाडी, ताप, सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवील आणि त्यांना कर्करोगातून बाहेर काढील. तेवढे तिला येते. मग त्यांनी अंगात ताप नसताना, कोणाचा हात न धरता, नोनी डर्कनच्या दारापर्यंत चालत जावे आणि सांगावे की आपण फोन केला होता, पॅकी खरे बोलला होता. पत्र चालणार नाही. वकील चालणार नाही. त्यानंतर त्यांना आपण खुशाल मंगळवारी द्यावे, कोणालाही द्यावे, अर्जदाराची हरकत नाही. तोपर्यंत अर्जदार त्यांना मरू देणार नाही.

निर्णय लेखी मिळावा.

आपली, ही एक बाब वगळता, नम्र,

(सही)
असम्प्टा गॅव्हिगन
बॅलीकॉरन, ११ नोव्हेंबर

प्रत माहितीस्तव: डॉ. रोनन टूही, राहत्या पत्त्यावर.